बिस्कीट खायला गेलो होतो

मैत्रिणींनो, या वेळी थोड्या वेगळ्या विषयावर लिहिते आहे. विषय आहे बिस्कीट. काही जणींना वाटेल, अंकात पानं कमी का आहेत की त्यातली दोन-तीन बिस्किटावर खर्च करावीत! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मुळशी तालुक्यातल्या रिहे गावच्या बायकांबरोबर पुण्याच्या कॅम्पात घालवलेला एक दिवस डोक्यातून जात नाही. त्या दिवशी जे ऐकलं, त्यावर आपण सगळ्यांनीच बोलायला हवं असं वाटतं.

रिह्याला मी पहिल्यांदा गेले ती गटाच्या बैठकीसाठी. पौड रस्त्यानं घोटावडे फाट्याला वळायचं आणि आत जायचं. आजूबाजूला भातखाचरं, डोंगर, आणि मधूनच एखाद्या खाचराला तारेचं कुंपण घालून लावलेली प्लॉटची पाटी. तासा-दीड तासावर पुणं, आणि डोंगरापलीकडे हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती. बैठकीत बचतीचा हिशेब झाला, कर्जाचे हप्ते झाले. मग नेहमीप्रमाणे गप्पा निघाल्या. मी सहज विचारलं, "एक दिवस मोकळा मिळाला, पैशाची अडचण नाही, तर कुठं जाल?"

उत्तरं ठरल्यासारखी आली. आळंदी. जेजुरी. तुळजापूर. अक्कलकोट. एकीनं माहेर सांगितलं. मी म्हटलं, देव आणि माहेर सोडून सांगा. सगळ्या गप्प. शेवटी साठीच्या एक मावशी पदराआड हसत म्हणाल्या, "मला त्या क्यांपातलं बिस्कीट खायचंय."

झालं असं होतं की दिवाळीत त्यांच्या नातवानं कॅम्पातल्या प्रसिद्ध बेकरीतून श्रूजबेरी बिस्किटांचं खोकं आणलं होतं. पाहुणे आले, पोरं आली, शेजारचे आले. खोकं मावशींच्या हाती आलं तेव्हा तळाशी चुरा उरला होता. तो त्यांनी तळहातावर घेऊन खाल्ला. "चुराच एवढा ग्वाड, तर आख्खं कसं लागत आसंल?" असं त्या म्हणाल्या आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. घरी परतताना मात्र हसू ओसरलं. साठ वर्षांच्या बाईला, जिच्या हातचं सगळ्या भावकीनं खाल्लं आहे, एक अख्खं बिस्कीट खाण्याची इच्छा बैठकीत लाजत सांगावी लागते!

बाईला काय खावंसं वाटतं, हे आपल्याकडे एकदाच विचारतात, ते डोहाळे लागल्यावर. त्याची गाणी होतात, ओटी भरतात, कुणी चिंचा आणतं, कुणी आवळे. तीही कौतुकाची धाव पोटातल्या बाळासाठी असते. बाळ झालं की डिंक-अळिवाचे लाडू येतात, ते दूध यावं म्हणून. तिथून पुढं मरेपर्यंत तिला कुणी विचारत नाही. ती इतरांना विचारत राहते, "आज भाजी काय करू?"

पुढच्या बैठकीत ठरलं, जायचं. चौदा जणींनी नावं दिली. आठवड्याभरात त्यातली सहा गळाली. कारण एकच होतं. घरी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता : "तिथं काम काय आहे?"

या प्रश्नावर जरा थांबू या. बाईनं घराबाहेर पडायला आपल्या समाजाची सरसकट बंदी आहे असं म्हणता येणार नाही. बाई शेतावर जाते, बाजाराला जाते, दवाखान्यात जाते, लग्नाला, मयताला, वारीला जाते. २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात एसटीचं बायकांसाठी अर्धं तिकीट सुरू झालं, तेव्हा देवस्थानांच्या गाड्या बायकांनी भरून गेल्या. चांगलंच झालं. पण प्रत्येक वेळी तिच्या बाहेर पडण्यामागं काहीतरी 'काम' असावं लागतं : नवऱ्याचं, मुलाचं, गुरांचं, नाहीतर देवाचं. बाप्या माणसाला कोपऱ्यावर चहाला जाताना कुणी 'काम काय' असं विचारत नाही. चहा हेच त्याचं काम असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बायकांना विचारलं होतं की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचं ठिकाण, या तिन्ही जागी तुम्हाला एकटीनं जायची मुभा आहे का. देशात ४२ टक्के बायकांनी 'हो' म्हटलं. म्हणजे शंभरातल्या अठ्ठावन्न जणींना यातल्या कुठल्या ना कुठल्या ठिकाणी एकटीनं जायला मुभा नाही. आणि हे प्रश्न झाले दवाखान्याचे, बाजाराचे. 'सहज, मनात आलं म्हणून' हा प्रश्न पाहणीत विचारतसुद्धा नाहीत.

रिह्याच्या मावशींनी यावर आपला तोडगा काढला. मुलानं विचारलं, "काम काय?" त्या म्हणाल्या, "डोव्हाळं लागल्यात मला." मुलगा लाजून गप्प बसला. ही गोष्ट गावभर झाली आणि गळालेल्या सहांतल्या तिघी परत आल्या. अशा अकरा जणी आणि मी, एक जीप करून निघालो.

पौड रस्त्यानं भूगाव, चांदणी चौक, मग शहर. जीपमध्ये लक्षात आलं की अकरा जणींपैकी आठ जणी पुण्यात आधी आल्या होत्या, पण सगळ्या दवाखान्यासाठी. कुणाला ससून माहीत होतं, कुणाला बाळंतपणाचं हॉस्पिटल. घरापासून तासा-दीड तासावरचं शहर यांनी फक्त आजारी माणसाच्या उशाशी बसून पाहिलं होतं.

कॅम्प म्हणजे लष्कर. १८१७ साली खडकीच्या लढाईत पेशवाई हरली, आणि इंग्रज फौजेची छावणी पडली तो हा भाग. साहेब आले, त्यांच्यामागं त्यांचं खाणं आलं, बेकऱ्या आल्या. पुढं इराणातून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी मुंबई-पुण्यात हॉटेलं आणि बेकऱ्या काढल्या. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी इराणी बंधूंनी १९५५ साली सुरू केली. तिचं श्रूजबेरी बिस्कीट पुण्याची ओळख झालं. परगावी निघालेला पुणेकर चितळ्यांची बाकरवडी नाहीतर हे खोकं घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही. श्रूजबेरी हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव. तिथल्या या गोड वड्या सतराव्या शतकात इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकात आल्या होत्या. मी हे सगळं जीपमध्ये सांगत होते. एक वहिनी म्हणाल्या, "म्हंजी गाव त्यांचं, दुकान ह्यांचं, आन् खायला आमी!"

दुकानासमोर रांग होती. आम्हीही रांगेत उभ्या राहिलो. रांगेत उभं राहण्याची आमच्या बायकांना काय सवय नाही! रेशनची रांग, पाण्याची रांग, दवाखान्याची रांग. पण ही पहिली रांग होती, जिच्या टोकाला स्वतःसाठी काहीतरी होतं. पुढं एका तरुणीनं मागं वळून या नऊवारीतल्या, सहावारीतल्या बायकांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठून आलात?" "रिह्याहून." "खास यासाठी?" मावशी म्हणाल्या, "मग! दुसरं काय काम हाय हितं?"

प्रत्येकीनं एकेक खोकं घेतलं आणि लगेच पिशवीत घातलं. पिशवीची बंदं आवळली. थोडं पुढं सावलीत कट्टा होता, तिथं बसलो. पाणी प्यालो. मी वाट बघते आहे, पण खोकं कुणीच उघडेना. मी म्हटलं, "अहो, खायचं ना?" तर एक म्हणाली, "पोरं घरी हायेत." दुसरी म्हणाली, "मालकांना आवडंल." तिसरी म्हणाली, "सासूबाईंच्या हातात दिलं म्हंजी पुढच्या टायमाला सोडतील." अकरा खोकी, अकरा घरांची वाटणी मनातल्या मनात झालेली. त्या वाटणीत आपलं नाव कुणीच धरलं नव्हतं. ज्या मावशींच्या डोहाळ्यांवर हा सगळा घाट घातला होता, त्यांचंही खोकं पिशवीत!

तेव्हा गटाच्या अध्यक्षबाईंनी नियम केला. गटाच्या पैशातून एक खोकं घ्यायचं, ते इथंच संपवायचं. त्यातलं एकही बिस्कीट घरी न्यायचं नाही. जी नेईल तिला दंड. हसण्यावारी म्हटलं, पण दंड म्हटल्यावर सगळ्या कामाला लागल्या. आपल्या बायकांना सुखसुद्धा नियम करून द्यावं लागतं.

आणि मग खाल्लं. मावशींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नानकटाईच की ही. लोणी सढळ हातानं घातलंय."

तिथून जो वाद सुरू झाला तो ऐकण्यासारखा होता. एक म्हणाली, नानकटाईत रवा असतो, हिच्यात नुसता मैदा आहे, म्हणून ही जिभेवर विरघळते. दुसरी म्हणाली, साखर पिठीच घातली पाहिजे, नाहीतर अशी भेग पडत नाही. तिसरीनं आठवण काढली, लहानपणी दिवाळीत आई रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर पत्र्याच्या डब्यांतून घेऊन बेकरीत जायची. सगळ्या आळीतल्या बायका आपापलं पीठ मळून, नानकटाया थापून भट्टीपाशी ताटकळत बसायच्या. भट्टी बेकरीवाल्याची, बाकी सगळं बायकांचं. आपला ट्रे दुसरीच्या ट्रेत मिसळू नये म्हणून नजर ठेवून. चौथी म्हणाली, "एवढं पदर सुटलेलं करायचं तर आपली साट्याची करंजी काय कमी हाय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साटा म्हणजे तांदळाची पिठी आणि तूप एकत्र फेसून केलेला लोण्यासारखा मऊ गोळा. पातळ पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीला साटा लावायचा, एकावर एक ठेवून घट्ट वळकटी करायची, तिचे तुकडे पाडून ते अलगद लाटायचे, त्यात सारण भरून तळायचं. तळताना एकेक पदर सुटतो. साहेबी बेकऱ्यांतली पदरांची पेस्ट्री, खारी बिस्किटं, यांची युक्ती हीच आहे : पिठाच्या थरांमध्ये स्निग्धाचे थर. मुळशी हा तर आंबेमोहोराचा मुलूख. इथल्या तांदळाच्या पिठीचा साटा हलका होतो, असा या बायकांचा अभिमान. हे शास्त्र त्यांना कुणी शाळेत शिकवलं नाही. पण बिस्किटाचा एक घास घेतल्यावर त्यांनी त्याची सगळी घडण उलगडून ठेवली.

मग ही करंजी प्रसिद्ध का नाही? तिला नाव का नाही? इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव साडेतीनशे वर्षं एका बिस्किटाला चिकटून राहिलं आणि समुद्र ओलांडून आलं. आपल्याकडे करंजीला गावाचं नाव नाही, करणारीचं नाव नाही. तिचं नाव एकच : 'घरचं'. घरचं म्हणजे ज्याला किंमत नाही. बाजारात जे रांधतं त्याला आचारी म्हणतात, हलवाई म्हणतात. घरात रांधणारीला नुसतं 'ती' म्हणतात. पदार्थ भट्टीवर गेला, त्याला दुकान मिळालं, की तो बहुतेक पुरुषाच्या हाती जातो. बेकरीत पहाटे भट्टीपुढं घाम गाळणाऱ्या कामगारांचे कष्ट मला कमी लेखायचे नाहीत. पण त्यांच्या कष्टाला मजुरी हा शब्द तरी आहे. चुलीपुढच्या कष्टाला 'माया' म्हणतात आणि मायेचा हिशेब मागणारी बाई वाईट ठरते.

या शब्दांची उलटापालट आपल्या बायकांनी केल्याची उदाहरणं आहेत. १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केलं. गिरणी कामगारांचे डबे वर्षानुवर्षं भरणाऱ्या या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. त्यांना बँकेच्या दारात उभं केलं ते त्यांच्याच संघटनेनं. त्या रांधणाऱ्या बायका कामगार आहेत, हे त्यामुळं दिसू लागलं.

पण इथं मला आपल्याच चळवळीला एक गोष्ट सांगायची आहे. हा किस्सा मी पुण्यातल्या एका बैठकीत सांगितला, तेव्हा एका मैत्रिणीची पहिली प्रतिक्रिया होती, "अरे वा! मग त्यांना करंजीचा व्यवसाय काढून देऊ या. पॅकिंग, लेबल, प्रदर्शन." तिचा हेतू चांगलाच होता. पण का? बाईला काही आवडतं म्हटलं की लगेच त्याचा गृहउद्योग का करायचा? गेली पंचवीस-तीस वर्षं पापड-लोणची-मसाल्यांचे गट काढून आपण काय पाहिलं? चार गट उभे राहिले, बाकी ठिकाणी घरचं काम तसंच राहून त्यावर आणखी एक पाळी चढली. बाईला उत्पन्न हवं, यात वाद नाही. पण तिला एखादी चव फक्त चव म्हणून हवी असू शकते. तिची प्रत्येक इच्छा कामाला जुंपायची, हे घरात चालतंच. ते आपणही करायचं का?

दुसऱ्या मैत्रिणीचा आक्षेप वेगळा होता. मैदा, साखर आणि लोणी, यात कसली मुक्ती? आणि दुकानाच्या रांगेत उभं राहणं ही तर बाजारशाहीच झाली. तिचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. त्याच आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. बिस्किटानं हे रक्त भरून निघणार नाही, हे मलाही कळतं. पण या आकड्यामागं ताटांचा क्रम आहे. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, शेवटी ती, आणि तिच्या वाट्याला भांड्याच्या तळचं. गोळ्या वाटून, सकस आहाराची भाषणं देऊन आपण दमलो. 'तुम्ही पालेभाजी खा' असं सांगताना आपण गृहीत धरतो की काय खायचं, किती खायचं हे ती ठरवते. जिला खोकं उघडायलाच गटाचा नियम लागतो, ती भाकरीबरोबर भाजी किती वाढून घेईल? मला तरी वाटतं, त्या कट्ट्यावर जे घडलं ते पालेभाजीच्या भाषणाच्या आधीचं पाऊल आहे. 'हे माझ्या वाट्याचं' असं म्हणणं.

बाहेर बसून, चारचौघांत खाणं ही साधी गोष्ट नाही, हे या शहराला चांगलं ठाऊक आहे. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिश्चनानं भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानानं आणलेलं पाणी प्यावं लागे. जात मोडण्याची ती शपथ होती. पण सगळं गुप्त. १८६० च्या सुमाराला नावं फुटली आणि सभा मोडली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले यांच्यासह पुष्कळ मंडळी सभेला गेली. तिथं चहा-बिस्किटं पुढं आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली आणि शहरात गहजब झाला. ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्तं. रानड्यांनीही १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानडे यांच्या आठवणींमध्ये या प्रकरणाची हकिकत आहे. एक कप चहा आणि एक बिस्कीट यांवरून शहर पेटलं, कारण कुणाच्या हातचं, कुणाच्या पंगतीला, हेच जातीचं कुलूप होतं. पण त्या सगळ्या इतिहासात खाणारे पुरुष, बाटणारे पुरुष आणि शुद्ध होणारेही पुरुष. बायकांना बाटण्याइतकंही बाहेर बसायला मिळालं नव्हतं.

आमच्या कट्ट्यावर अकरा जणींमध्ये मराठा होत्या, धनगर होत्या, दोघी बौद्ध होत्या, एक कातकरी वस्तीवरची होती. गावात हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं आणि कुणाच्या दारापर्यंत जाऊन परतायचं, हे ठरलेलं आहे. तिथं एकच खोकं हातोहात फिरलं. कुणी भाषण केलं नाही. पण कातकरी वस्तीवरच्या त्या मुलीनं खोकं पुढं करताना क्षणभर हात आखडला, ते मी पाहिलं. आणि मावशींनी तिच्या हातातूनच बिस्कीट उचललं, तेही पाहिलं. यानं गावातली जात मोडली, असा दावा मी करणार नाही. रिह्यात परतल्यावर त्या मावशी तिच्या घरचं पाणी पितात का, हे अजून बघायचं आहे.

दुसरं खोकं उघडलं तेव्हा (हो, दुसरंही उघडलं, नियम मोडून) पन्नाशीच्या एक काकू बोलायला लागल्या. म्हणाल्या, "मी असं बाहेर बसून गोड खाल्लं ते याआधी एकदाच." भावानं बोलावलं होतं. तालुक्याच्या गावी, कचेरीत. एका कागदावर सही करायची होती. सही झाली, फोटो झाला, अंगठा झाला. मग भावानं हॉटेलात नेऊन जिलेबी खाऊ घातली आणि एक साडी दिली. घरी आल्यावर त्यांच्या मुलीनं कागद वाचला. हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडला, असं लिहिलेलं. नंतर दोन वर्षांत ती जमीन प्लॉट पाडून विकली गेली. काकू म्हणाल्या, "ती जिलेबी माझ्या आयुष्यातली सगळ्यात म्हाग."

कुणी हसलं नाही. जीपमध्ये बसेपर्यंत याच विषयावर बोलणं चाललं. अकरांतल्या चौघींनी अशी सही केली होती. दोघींना भावांचे निरोप आले होते, 'दिवाळीनंतर एक दिवस काढून ये.' महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा वाटा मिळाला, तो त्याआधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. २००५ साली हिंदू वारसा कायद्यातच देशभर बदल झाला आणि लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. कायदा एवढा पुढं आला, आणि एका जिलेबीच्या ताटावर आणि एका साडीवर तो परत मागं फिरतो. कारण बहिणीला बाहेर कुणी खाऊ घालत नाही. जो एकदा घालतो, त्याचं मन मोडवत नाही. भावाच्या प्रेमाची भूक इतकी असते की कागद वाचायचं सुचत नाही.

हे मी शिबिरात कितीदा तरी बोलले आहे. फळ्यावर कलमं लिहून. रिह्यातही बोलले होते. तेव्हा कुणी तोंड उघडलं नव्हतं. 'भावाशी कशाला वाकडं' म्हणून विषय संपला होता. त्या कट्ट्यावर, काही काम नसताना, तोंडात बिस्कीट असताना तो आपोआप निघाला. मला वाटतं, काम नसलेली वेळ बायकांना मिळाली की त्या आपल्या आयुष्याचा हिशेब मांडायला लागतात. म्हणूनच तर 'काम काय' हा प्रश्न इतक्या तातडीनं विचारला जातो.

संध्याकाळी रिह्याला पोचलो तेव्हा फाट्यावर दोन-तीन घरची माणसं उभी होती. एका वहिनींच्या नवऱ्यानं विचारलं, "झालं का काम?" त्या म्हणाल्या, "झालं. बिस्कीट खाल्लं." त्यानं पुढं काही विचारलं नाही, पिशवी मात्र हातातून घेतली. सगळ्या घरी असंच झालं नाही. एकीला दोन दिवस कुणी बोललं नाही. एका सुनेला सासूनं खोकं बघून टोमणा मारला आणि मग त्यातली चार बिस्किटं स्वतः खाल्ली.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत, निरोप आलेल्या दोघी सातबाराचे उतारे घेऊन आल्या. अजून सही केलेली नाही. करणार नाहीत, असंही त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. एकीचा भाऊ खरोखर अडचणीत आहे, आणि तिला माहेरचं दार बंद झालेलं नको आहे. हे दोन्ही खरं आहे आणि आपण ते समजून घ्यायला हवं. पण आता ती सही करायची की नाही याचा निर्णय घेते आहे. आधी ती फक्त जाणार होती.

काकूंना मी विचारलं, तुमच्या कागदाचं काही करायचं का, वकिलाला दाखवू या का? त्या म्हणाल्या, बघू. त्यांनी दुसरंच सुचवलं. गटात वर्षाला प्रत्येकीनं थोडे पैसे बाजूला टाकायचे, कर्जासाठी नाही, आजारपणासाठी नाही. वर्षातून एकदा कुठंतरी जाऊन काहीतरी खायचं आणि बसायचं. वहीत या रकान्याला काय नाव द्यायचं यावर अर्धा तास वाद झाला. 'सहल' नको, ती शाळेची. 'अभ्यासदौरा' तर मुळीच नको, तो सरकारी. शेवटी मावशींनी सांगितलं, "डोव्हाळं लिही."

तर मैत्रिणींनो, तुमच्याही गटांमध्ये हा प्रश्न विचारून पाहा. देव आणि माहेर सोडून कुठं जावंसं वाटतं, काय खावंसं वाटतं? सुरुवातीला सगळ्या गप्प बसतील. घाई करू नका. उत्तरं आली की आम्हाला लिहून कळवा. आणि जर गेलात, तर खोकं तिथंच उघडा.